विश्लेषण : कार्ड नाही, पॉइंट नाहीत, तरी गिऱ्हाईक परत का येते?

सोलापुरात महिन्याचा पगार खात्यात जमा झाला, की डी-मार्टमध्ये ट्रॉल्या भरू लागतात. त्याच शहराच्या पूर्व भागात आठवड्याची मजुरी हाती पडली, की किराणा दुकानातील उधारीची वही उघडते. दोन्हीकडचे गिऱ्हाईक पुन्हा पुन्हा त्याच दुकानात येते, पण कारणे वेगळी आहेत. सुपरमार्केटच्या स्पर्धेत कोण टिकेल आणि कोणाची अडचण होईल, हे समजून घ्यायचे तर आधी ही कारणे पाहायला हवीत.

डी-मार्टने ग्राहक कसा टिकवला?

राधाकिशन दमानी यांनी डी-मार्टचे पहिले दुकान २००२ मध्ये पवईत सुरू केले. त्याआधी त्यांनी नेरूळमध्ये ‘अपना बाजार’ची फ्रँचायझी चालवून पाहिली होती. ‘अपना बाजार’ ही १९४८ मध्ये मुंबईच्या नायगावात सुरू झालेली कामगारांची ग्राहक सहकारी संस्था. मार्च २०२५ अखेर डी-मार्टची ४१५ दुकाने होती. या वाढीत पॉइंट जमा करण्याच्या योजनेला जागा नव्हती. बहुतेक दुकाने स्वतःच्या जागेत, त्यामुळे भाड्याचा बोजा कमी. पुरवठादारांचे पैसे लवकर चुकते केले जातात, त्यामुळे माल स्वस्त मिळतो. सजावटीवर खर्च बेताचा. अशी वाचलेली रक्कम छापील किमतीवरील सवलतीत जाते. ही सवलत सणापुरती नसते, रोजची असते. ग्राहकाला तारीख पाहून जावे लागत नाही, हाच या दुकानाचा विश्वास.

मग कार्ड आणि पॉइंट कशासाठी?

ब्रिटनमध्ये टेस्कोने १९९५ मध्ये ‘क्लबकार्ड’ आणले आणि त्याच वर्षी सेन्सबरीला मागे टाकून ती देशातील सर्वात मोठी किराणा साखळी बनली. कार्डाचा खरा फायदा सवलतीत नव्हता, माहितीत होता. कोण काय घेतो, कधी घेतो, काय घेणे बंद केले, हे कंपनीला कळू लागले. आपल्याकडे हेच काम बिलाच्या वेळी विचारला जाणारा मोबाइल नंबर करतो. नंबर दिल्याशिवाय बिल करणार नाही, असा आग्रह धरू नये, असे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने मे २०२३ मध्ये विक्रेत्यांना बजावले आहे. म्हणजे नंबर द्यायचा की नाही, हे ग्राहकाने ठरवायचे.

नुसत्या ऑफरवर उभी राहिलेली गर्दी किती टिकते, याचे उदाहरण बिग बाजार. २००६ पासून २६ जानेवारीच्या ‘सबसे सस्ता दिन’ला तिथे रांगा लागत. फ्युचर रिटेल कर्जाखाली दबली आणि २०२२ मध्ये दिवाळखोरी प्रक्रियेत गेली. कंपनी बुडण्याची कारणे अनेक होती. पण त्या रांगा तिला वाचवू शकल्या नाहीत, हेही खरे.

सोलापूरचा हिशेब वेगळा का?

सोलापूर हे गिरण्यांचे शहर होते. गिरण्या गेल्या, आज यंत्रमाग आणि विडी हे इथल्या कष्टकऱ्यांचे मोठे आधार आहेत. यांच्या घरात पैसा महिन्याने एकदम येत नाही, आठवड्याने थोडा थोडा येतो. समजा, नोकरदार कुटुंबाने महिन्याचा चार हजारांचा किराणा एकदम भरला आणि सात टक्के वाचले, तर २८० रुपये हाती राहतात. विडी कामगार बाईने आठवड्याला ८०० रुपयांचा माल घेतला, तर वाचतात ५६ रुपये. कुंभारीच्या घरकुलातून किंवा रे नगरमधून शहरात येण्या-जाण्याच्या भाड्यातच ते संपतील. शिवाय मजुरीला दोन दिवस उशीर झाला, तर सुपरमार्केटचे काउंटर थांबत नाही. कोपऱ्यावरचा दुकानदार थांबतो.

किराणा दुकानदाराचे खरे नुकसान कोणते?

सुपरमार्केट आले की किराणा दुकाने बंद पडतात, असे सरसकट म्हटले जाते. नुकसान त्याहून सूक्ष्म आहे. रोखीने महिन्याची यादी भरणारे गिऱ्हाईक आधी जाते. उधारीवर चालणारे मागे राहते. दहा गिऱ्हाइकांनी प्रत्येकी हजाराचा माल उधार नेला आणि दुकानदाराला दहा टक्के नफा सुटतो, असे धरा. एकाने पैसे बुडवले, तर ९०० रुपयांची खरेदी गेली. उरलेल्या नऊ जणांकडून मिळालेला नफाही ९०० रुपयेच. म्हणजे हाती शून्य. रोखीच्या गिऱ्हाइकाचा नफा आजवर हा खड्डा भरून काढत होता. तो गेला की दुकानदार उधारी आखडतो, आणि झळ बसते ती सुपरमार्केटमध्ये कधी न गेलेल्या घराला. या स्पर्धेची खरी किंमत हीच आहे.

दुकानदारांनी काय करावे?

प्रत्येक वस्तूत डी-मार्टच्या भावाशी झुंजणे व्यर्थ. पण गिऱ्हाइकाला मोजक्याच वस्तूंचे भाव तोंडपाठ असतात : तेल, तूरडाळ, साखर, चहा. तिथे भाव जवळ ठेवले, तर दुकान महाग आहे असे मनात बसत नाही. एकट्याला हे परवडत नसेल, तर एका पेठेतील दहा दुकानांनी मिळून घाऊक खरेदी करावी. एकत्र खरेदीची ताकद महाराष्ट्राला नवी नाही. मुंबई ग्राहक पंचायतीने १९७५ पासून ग्राहक कुटुंबांचे गट करून दुकानाशिवाय महिन्याचे सामान घरोघर पोहोचवले. ग्राहकांना जमले ते दुकानदारांना का जमू नये? उधारीलाही मर्यादा आणि मुदत हवी, ती दोघांच्या मोबाइलवर नोंदलेली हवी. वाद टळतो आणि संबंध टिकतो.

आणि ग्राहकांनी?

स्वस्त मिळेल तिथे घेण्यात गैर काही नाही. महागाईत कोणी कोणावर उपकार म्हणून खरेदी करत नाही. पण महिन्याची सगळी यादी एका ठिकाणी आणि विसरलेली कोथिंबीर-काडेपेटी तेवढी कोपऱ्यावर, असा व्यवहार ठेवला, तर कोपऱ्यावरचे दुकान फार काळ उघडे राहणार नाही. यादीतील चार-सहा वस्तू तिथे रोखीने घेतल्या, तरी वहीतील हिशेब सावरतो. भाव पाहताना आपल्या अडचणीला कोणते दुकान उभे राहते, हेही पाहिले पाहिजे.