रंगालाही सन असतो

वाफेच्या इंजिनांच्या प्रतिकृती करणाऱ्या हौशी मंडळींशी आमचा वाद जुनाच आहे. रंग निवडताना ही मंडळी इंजिनाचे नाव पाहतात, सन पाहत नाहीत. डॉनकास्टरच्या कारखान्यात १९२३ साली तयार झालेले ‘फ्लाइंग स्कॉट्समन’ घ्या. आरंभी ते सफरचंदी हिरवे होते, दुसऱ्या महायुद्धात काळे झाले, १९४८ च्या राष्ट्रीयीकरणानंतर काही काळ निळे आणि पुढे गर्द हिरवे. धुराड्याच्या दोन्ही बाजूंस धूर वळविणारे पत्रे लागले ते १९६१ मध्ये, म्हणजे या गर्द हिरव्याच्या काळात. तरीही पत्र्यांसह सफरचंदी प्रतिकृती आम्हांस कौतुकाने दाखविली जाते! १९६३ मध्ये सेवा संपेपर्यंत असे इंजिन एक दिवसही धावले नाही. या शतकाच्या आरंभी मालकांनी तसे सजविले खरे. पण तो मालकांचा शौक, सेवेचा इतिहास नव्हे. सरकारी नस्तीत दिनांकाविना टिपणीस जी किंमत, तीच अशा रंगास.

‘जुने छायाचित्र पाहून रंगविले’ हा बचाव तर अधिकच लंगडा. जुन्या छायाचित्रांच्या काचांवर तांबडा काळपट उमटे, निळा फिकट. मिडलंड रेल्वेचे किरमिजी इंजिन त्यांत कोळशासारखे दिसते.

‘शेवटी खेळणेच ना?’ असे विचारणाऱ्यांनी ग्वाल्हेरच्या जयविलास राजवाड्यातील, जेवणाच्या मेजावरून फिरणारी चांदीची गाडी आठवावी. तिला रंगाचा जाब कोणी विचारीत नाही. मात्र १९४६ पर्यंतच चाललेला ४४७२ हा क्रमांक घालणाऱ्याने ते पत्रे तरी उतरवून ठेवावेत.