स्टॅलिनग्राड पाठ आहे, बेळगाव ठाऊक आहे का?

दुसऱ्या महायुद्धावर परीक्षेत प्रश्न आला की आपली कळमनुरीची मुले धडाधड लिहितात : मिडवे, एल अलामेन, स्टॅलिनग्राड. लिहिलेच पाहिजे. पण त्याच युद्धाने आपल्या समाजाच्या इतिहासालाही कलाटणी दिली, हे किती मुलांना ठाऊक आहे?

थोडे मागे जाऊ. १ जानेवारी १८१८ रोजी कोरेगावला महार शिपाई लढले. तरीही १८९० नंतरच्या काळात ‘लढाऊ जाती’ आणि ‘बिगर लढाऊ जाती’ असा भेद करून इंग्रज सरकारने त्यांची भरती बंद केली. पलटण गेली म्हणजे नुसती भाकरी गेली नाही. मुलांची शाळा गेली, पेन्शन गेली आणि गावात ताठ मानेने चालण्याचा आधारही गेला. गोपाळबाबा वलंगकरांनी याविरुद्ध विनंतीपत्र तयार केले. शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० साली थेट भारतमंत्र्यांकडे दाद मागितली. पुढे पहिले महायुद्ध पेटले, माणसे कमी पडू लागली, तेव्हा १९१७ साली १११ वी महार पलटण उभी राहिली. युद्ध संपले आणि १९२१ मध्ये ती मोडली. गरज सरो, वैद्य मरो!

दुसऱ्या खेपेला मात्र बाबासाहेब होते. २२ जून १९४१ रोजी हिटलरने रशियावर स्वारी केली. जुलैमध्ये बाबासाहेबांची राष्ट्रीय संरक्षण मंडळावर नेमणूक झाली. महार पलटणीची मागणी त्यांनी लावून धरली आणि १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला महार रेजिमेंटची पहिली बटालियन उभी राहिली. नाझी विचार हा समतेचा उघड वैरी आहे, तो जिंकला तर आपलेही भले नाही, ही त्यांची भूमिका स्पष्ट होती.

पुढे युद्ध आपल्या दाराशी आले. ७ डिसेंबर १९४१ रोजी जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केला. १५ फेब्रुवारी १९४२ रोजी सिंगापूर पडले, मार्चमध्ये रंगून पडले. १९४४ साली इंफाळ-कोहिमाच्या डोंगरात जपानी फौज अडली आणि तिथून ती मागे हटत गेली. हिंदुस्थानच्या दृष्टीने स्टॅलिनग्राड हेच. ब्रह्मदेशाच्या या मोहिमेत महार रेजिमेंटच्या दुसऱ्या बटालियनने भाग घेतला.

युद्ध संपले, पण या वेळी पलटण मोडली नाही. १९४६ साली तिची मशीनगन रेजिमेंट झाली. आज तिचे केंद्र मध्य प्रदेशात सागर येथे आहे. १९८७ साली श्रीलंकेत धारातीर्थी पडलेले परमवीरचक्र विजेते मेजर रामस्वामी परमेश्वरन याच रेजिमेंटचे. १९१७ आणि १९४१ यांत फरक काय? पहिल्या वेळी सरकारला फक्त माणसे हवी होती. दुसऱ्या वेळी आपला माणूस निर्णयाच्या टेबलाशी बसला होता. शौर्य दोन्ही वेळी तेच होते.

कळमनुरी तेव्हा निजामाच्या राज्यात, परभणी जिल्ह्यात होती. तरीही आपल्या नात्यागोत्यात कोणी पलटणीत होते का, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा. डिस्चार्जचा कागद, पदक, जुना फोटो ट्रंकेत असेल तर वाळवी लागण्याआधी बाहेर काढा. नाव, गाव, साल वहीत लिहून ठेवा. लिहिलेला कागद नसेल तर उद्या आपला इतिहास कोण मान्य करील?