वाचा सुधारणाऱ्यांचें शिक्षण

पुष्कळ वर्षांपूर्वीं माझ्या सातवीच्या वर्गांत एक मुलगा होता. लेखी परीक्षेंत तो नेहमीं पहिल्या पांचांत असे. परंतु मोठ्यानें वाचावयास उभा केला कीं पहिल्याच अक्षरावर त्याची जीभ अडे, मान एका अंगास वळे आणि डोळे मिटत. ही निव्वळ भीति आहे व भीति संवयीनें जाते, असें माझें मत असल्यामुळें मी त्यास रोज उभा करीं. "सावकाश बोल, घाबरूं नकोस," असें म्हणें, आणि आपण फार मायेनें वागत आहों असें मनांत समजें. सहामाहीनंतर त्याची आई शाळेंत आली. "सर, तो आतां घरीं सुद्धां बोलेनासा झाला आहे," एवढेंच ती म्हणाली.

आम्ही त्यास जिल्ह्याच्या गांवीं एका वाचोपचारतज्ज्ञ बाईंकडे नेलें. (या लोकांस सर्वत्र 'स्पीच थेरपिस्ट' म्हणतात.) त्यांनीं पहिला अर्धा तास बोलण्याच्या दोषाचें नांवहि काढलें नाहीं, क्रिकेटविषयीं गोष्टी केल्या, आणि मुलगा अडे तेव्हां त्या स्वस्थ वाट पाहत बसल्या. मग माझ्याकडे वळून त्यांनीं विचारलें, "त्याचीं वाक्यें आपण पुरीं करतां काय?" मी करीत होतों. पुढच्या आठवड्यांत त्यांच्या सांगण्यावरून मीं त्याला शेजारच्या मुलाबरोबर एका सुरांत वाचावयास लाविलें, आणि पानभर धडा तो कोठेंहि न अडतां वाचून गेला. हा उपचार नव्हे, वर्गांतील लाज टळावी एवढ्यापुरती सोय आहे, असें त्यांनीं आधींच बजावलें होतें. पण त्या दिवशीं मला माझें अज्ञान पुरतें कळून आलें.

सदिच्छा आणि अर्धवट ज्ञान यांनीं याहून मोठी हानि झाल्याचें उदाहरण इतिहासांत आहे. १९३९ सालीं अमेरिकेंतील आयोवा विद्यापीठांत वेंडेल जॉन्सन नांवाच्या प्राध्यापकाच्या देखरेखीखालीं डेव्हनपोर्ट येथील अनाथाश्रमांतल्या २२ मुलांवर एक प्रयोग झाला. त्यांपैकीं कांहीं मुलें नीट बोलत असतांहि, 'तुम्ही तोतरीं आहां' असें त्यांच्या मनावर ठसविण्यांत आलें. तीं बोलण्यास कचरूं लागलीं. जॉन्सन हा स्वतः तोतरा होता व त्या व्याधीचें मूळ शोधण्याची त्याची तळमळ खरी होती, हें ध्यानांत घेतलें म्हणजे मन अधिकच खिन्न होतें. विद्यापीठानें २००१ सालीं या प्रकाराबद्दल क्षमा मागितली. वाचोपचाराच्या विद्यार्थ्यास ही कथा शरीररचनेच्या पहिल्या धड्याआधीं सांगावी, असें मला वाटतें.

या व्यवसायाची व्याप्ति सामान्य जनांस ठाऊक नसते. बोबडा, तोतरा व मुका हे तीन शब्द आपण एकाच दावणीस बांधतों. वस्तुतः बोबड्याचा उच्चार चुकतो, तोतऱ्याचा ओघ अडतो, आणि ज्यास आपण मुका म्हणतों त्याचा पुष्कळदां कंठ शाबूत असून कानच बंद असतात. म्हणूनच आपल्या देशांत श्रवण व वाचा हे दोन्ही विषय एकाच पदवीच्या अभ्यासक्रमांत शिकवितात. दुभंगलेली टाळू शल्यवैद्य शिवून देतो. पण नाकांतून बोलण्याची जडलेली संवय सुई-दोऱ्यानें जात नाहीं. अर्धांगवायूनें ज्याची वाचा गेली, त्यास शब्द पुन्हां जुळवून देणें हेंहि यांचेंच काम. घांस श्वासनलिकेंत न जातां अन्ननलिकेंत कसा उतरावा, हेंही तेच शिकवितात. हें ऐकून तर मी चकितच झालों.

अशा तज्ज्ञांच्या शिक्षणासाठीं म्हैसूर येथें १९६५ सालीं अखिल भारतीय संस्था निघाली. मुंबईस वांद्रें येथें १९८३ सालीं अली यावर जंग यांच्या नांवाची राष्ट्रीय संस्था स्थापन झाली. १९९२ च्या कायद्यानें पुनर्वास परिषदेच्या पटावर नांव असल्यावांचून हा धंदा करूं नये असें ठरलें. पदवीचा अभ्यास चार वर्षांचा असून त्यांतील अखेरचें वर्ष प्रत्यक्ष कामाच्या उमेदवारीचें असतें. २०११ च्या शिरगणतींत वाचेचें अपंगत्व असलेले सुमारें २० लक्ष लोक आढळले. त्यांच्या मानानें हे तज्ज्ञ थोडे, आणि जे आहेत ते बहुधा शहरांत.

परंतु संख्येहून मला अधिक चिंता वाटते ती भाषेची. हें सारें शिक्षण इंग्रजींतून चालतें, आणि ग्रंथ बहुतेक इंग्रजी उच्चारांवर रचलेले. मराठी मूल 'घोडा' न म्हणतां 'गोडा' म्हणतें, हा दोष इंग्रजी कसोटीच्या चाळणींतून सहज निसटून जाईल, कारण ग आणि घ यांचा भेद तिला ठाऊकच नाहीं. ळ आणि ण यांचीही तीच गत. 'चोर' व 'चंद्र' यांतील च निरनिराळे आहेत, हें आमच्या लिपींतसुद्धां दिसत नाहीं. तें कानानेंच शिकलें पाहिजे. उलट, खानदेशांतील किंवा वऱ्हाडांतील मुलगा 'डोळा' यास 'डोया' म्हणतो, आणि कित्येक घरांत 'पाणी' हें 'पानी'च असतें. या मुलांस रोग नाहीं. त्यांच्या आईची भाषा तीच आहे. त्यांच्यावर उपचार आरंभणें म्हणजे निरोगी माणसास औषध पाजणें होय. बेळगांवकडील एखाद्या वृद्धास मराठी व कानडी दोन्ही येत असल्या आणि झटक्यानंतर त्यांतील एकच आधीं परतली, तर दुसरी भाषा न जाणणारा तज्ज्ञ त्याच्याविषयीं काय निर्णय देईल?

कोणी म्हणेल, शास्त्र इंग्रजींत आहे, तेव्हां तें इंग्रजींतच शिकावें लागणार. मान्य आहे, मीहि माझें शिक्षण त्याच भाषेंतून घेतलें व त्याचा मला विषाद नाहीं. परंतु त्या चार वर्षांत निदान एक परीक्षा अशी असावी कीं, जींत उमेदवारानें एखाद्या खेड्यांतील आजीशीं तिच्या बोलींत अर्धा तास गोष्टी कराव्या आणि तिच्या बोलण्यांत दोष कोणता व रीत कोणती हें निवडून दाखवावें. उमेदवारीच्या वर्षांतील कांहीं महिने तालुक्याच्या रुग्णालयांत व शाळांतून काढावे. मोठ्या शहरांतील थंड खोलींत, आईबापांनीं हात धरून आणलेल्या मुलाचें जें बोलणें ऐकूं येतें, तें त्याचें नित्याचें बोलणें नव्हे.

आमच्या शास्त्र शाखेच्या विद्यार्थ्यांपैकीं ज्यांस वैद्यकीचा प्रवेश न मिळाल्यास पुढें अंधार दिसतो, त्यांनीं या मार्गाचा विचार करावा. मात्र दुय्यम म्हणून नव्हे. आणि यांपैकीं कोणी एके दिवशीं उमेदवारी करूं लागला, तर त्यानें अवश्य माझ्या वर्गांत यावें व मागील बांकावर बसावें. साठ मुलें कशीं बोलतात, आणि त्यांतलीं दोन कां बोलत नाहींत, हें ऐकावयास त्याहून बरी जागा मला ठाऊक नाहीं.