एकाच धारेचा रेझर



घरातल्या बुजुर्गांच्या पश्चात त्यांची पेटी उघडली की आत काय काय निघते! जुने रेशनकार्ड, निकाहनाम्याची घडी, चष्म्याचे घर, अत्तराची रिकामी कुपी. पुष्कळदा त्यातच एक चपटी, जड, चंदेरी डबी असते. आत दाढीचे कसलेसे यंत्र. त्याचे पाते आजच्या ब्लेडसारखे पातळ नाही आणि धारही एकाच बाजूला. मुले दोन मिनिटे खेळतात आणि डबी भंगारवाल्याच्या तराजूत जाते.

या वेळी त्या डबीविषयी. जुने रेझर जमवण्याचा मला बारा-तेरा वर्षांपासून छंद आहे. स्टाफरूममध्ये थट्टा होते, ‘सर, दाढी ठेवलेल्या माणसाला रेझर कशाला?’ दाढी ठेवणाऱ्यालाही मान आणि गाल नीट ठेवावे लागतात, आणि पाकीसाठी तर रेझर प्रत्येक घरात लागतोच. आपल्या मराठीची गंमत अशी, की ‘दाढी केली’ म्हणजे दाढी काढली! उर्दूतला उस्तरा आणि मराठीतला वस्तरा मात्र एकच. फारसीतून निघून दोन्ही घरी राहिलेला पाहुणा.

वस्तऱ्याला हात बसलेला लागतो. हात चुकला की रक्त. यावर १८८० मध्ये न्यूयॉर्कच्या काम्फे बंधूंनी तोड काढून पेटंट मिळवले. वस्तऱ्याच्या पात्याचा दोन बोटे लांबीचा तुकडा घेतला, लहान चौकटीत बसवला, धारेपुढे आडोसा ठेवला आणि खाली कुदळीसारखी दांडी लावली. हा ‘स्टार’ रेझर. पाते जाड, पाचरीच्या आकाराचे, म्हणून धार एकाच बाजूला. ते फेकायचे नसे. दाढीआधी चामड्याच्या पट्ट्यावर परजायचे आणि पुन्हा वापरायचे.

मग किंग कॅम्प जिलेट यांनी वेगळा विचार केला. पाते इतके पातळ आणि स्वस्त करायचे, की बोथट झाले की टाकून द्यावे. १९०३ या विक्रीच्या पहिल्या वर्षी त्यांचे फक्त ५१ रेझर आणि १६८ ब्लेड खपली. पण पहिल्या महायुद्धात अमेरिकी सरकारने आपल्या सैनिकांसाठी सुमारे ३५ लाख रेझर घेतले आणि ती तरुण पोरे ही सवय घेऊनच घरी परतली. रेझर एकदा विकायचा आणि ब्लेड जन्मभर, हा व्यवहार तिथे पक्का झाला.

एका धारेवाले मात्र लगेच हटले नाहीत. मला त्यांचीच कहाणी जास्त आवडते.

ब्रुकलिनच्या ‘जेम’ आणि ‘एव्हर-रेडी’ रेझरचे ब्लेड फेकायचेच होते, पण ते जाड असे आणि मागच्या कडेला पत्र्याचा कणा असे. जिलेटचे पाते वाकवून ताणावे लागते. हे मुळातच ताठ, त्यामुळे गालावर थरथरत नाही. चालवताना खरखर असा मोठा आवाज येतो. नवख्याला वाटते कातडी निघाली, पण निघतो तो फक्त केस. या जातीची ब्लेड आजही मिळतात.

हेन्री गेसमन यांच्या ‘ऑटोस्ट्रॉप’ची युक्ती निराळी. चामड्याचा पट्टा रेझरच्या डोक्यातूनच ओवायचा आणि रेझर पट्ट्यावर मागे-पुढे ओढायचा. आतले रूळ फिरतात, पाते आपोआप कूस बदलते आणि दोन्ही अंगांनी परजले जाते. जिलेटशी त्यांचे पेटंटचे भांडण झाले आणि १९३० मध्ये दोन्ही कंपन्या एकत्र आल्या.

इंग्लंडच्या विल्किन्सन स्वोर्ड कंपनीने तर एका डबीत सात पाती दिली. प्रत्येकावर एकेका वाराचे नाव. एक पाते वापरायचे, सहांनी विश्रांती घ्यायची. अशी डबी आपल्या घरी असती, तर शुक्रवारचे पाते सगळ्यांत आधी झिजले असते!

आता त्या चंदेरी डबीकडे येऊ. आपल्याकडे पेटीतून निघते ती बहुधा ‘रोल्स रेझर’ची. मुंबईच्या चोर बाजारात, मटन स्ट्रीटवर, अशी डबी दिसली की विक्रेता हमखास सांगतो, ‘साहब, रोल्स रॉइस कंपनी का है.’ तसे काही नाही. मोटारीच्या कंपनीशी याचा संबंध नव्हता. हा लंडनच्या क्रिकलवुडचा माल, इंग्रजी अमलात इथे पोहोचलेला. डबीला दोन बाजूंनी झाकणे. एकाच्या आत धारेचा दगड, दुसऱ्याच्या आत चामडे. पाते डबीच्या पोटातच दांडीला जोडलेले असते. चामड्याचे झाकण लावायचे आणि दांडी आगगाडीच्या दट्ट्यासारखी मागे-पुढे करायची. प्रत्येक टोकाला पाते टक्‌कन कूस बदलते. वीस-पंचवीस फेऱ्यांत धार जागी होते. दगडाची बाजू क्वचितच, धार अगदी गेली तर. वर्षानुवर्षे एकच पाते.

माझ्या नानांकडे असा रेझर होता. ते मुंबईत गिरणीच्या हिशेब खात्यात होते. फजरची नमाज झाली की खिडकीतून ती टक-टक ऐकू यायची आणि चाळीतल्या बायका म्हणायच्या, ‘नाना उठले, आता नळ येईल.’ शेवटच्या चार वर्षांत त्यांना कंपवात झाला. हातात पेला ठरेना, तिथे वस्तरा कुठला? हज्जामाला घरी बोलवायचे त्यांच्या मनाला येईना. तेव्हा धाकट्या मामूंनी ते काम अंगावर घेतले. डबीत पाते परजायचे, नानांची हनुवटी डाव्या हाताने धरायची आणि मानेवरून हळूहळू रेझर उतरवायचा. मामूंना दाढी करण्याचे कसब नव्हते. ते होते पात्यापुढच्या त्या आडोशात. सेफ्टी रेझरचा खरा उपकार मला तिथे दिसतो. हज्जामाचा हात नसलेला मुलगाही आपल्या बापाची खिदमत करू शकतो. नाना गेल्यावर वाटणीत घड्याळासाठी दोघे पुढे आले. डबीसाठी कोणी नाही, म्हणून ती माझ्याकडे आली.

आणखी एक भाऊबंद म्हणजे ‘इंजेक्टर’. नावावरून सुई आठवते, पण हा बंदुकीचा वंशज आहे. जेकब शिक हे अमेरिकी लष्करातले अधिकारी. एकामागून एक गोळ्या सुटणाऱ्या रायफलीवरून त्यांना कल्पना सुचली आणि १९२६ च्या सुमारास रेझर बाजारात आला. अरुंद, एका धारेची वीस पाती एका पत्र्याच्या नळीत रचलेली. नळीचे टोक रेझरच्या बाजूला खुपसायचे आणि सरकपट्टी ढकलायची. नवे पाते आत जाते, जुने दुसऱ्या बाजूने बाहेर. धारेला बोट लागतच नाही. डोके इतके लहान, की नाकाखाली आणि मिशीच्या कडेला सहज फिरते. दाढीची रेष राखणाऱ्यांना मी हाच सुचवतो. पुढे शिक यांनी हा धंदा विकला आणि पैसा विजेच्या रेझरमध्ये घातला. तो १९३१ मध्ये बाजारात आला.

रोल्सचा शेवट मात्र चटका लावणारा. १९५० च्या दशकाच्या अखेरीस फेकायच्या ब्लेडपुढे परजायचे पाते कोण घेणार? कंपनी जॉन ब्लूम नावाच्या उद्योजकाकडे गेली, कपडे धुण्याची यंत्रे विकू लागली आणि १९६४ मध्ये बुडाली. १९७१ मध्ये जिलेटने दोन पात्यांचे कार्ट्रिज आणले, १९९८ मध्ये तीन, २००६ मध्ये पाच. माझ्या दहावीच्या वर्गातली मुले आज त्या पाच पात्यांपासूनच सुरुवात करतात. ज्यांचे केस कुरळे, त्यांच्या मानेवर पुरळ उठते, कारण एकामागून एक पाती केसाला कातडीच्या आत कापतात आणि केस आतच वळतो. अशांना त्वचेचे डॉक्टरही एका पात्याचा रेझर वापरून पाहा म्हणतात. बापाने मुलाला शेजारी उभे करून शिकवावे, अशी ही गोष्ट आहे. कोमट पाणी, भरपूर फेस, केसांच्या दिशेने, दाब अजिबात नाही. जेमसारख्या रेझरचे डोके आधी गालावर सपाट टेकवावे आणि किंचितच कलते करावे. शेवटी ओली तुरटी.

पण परजून वापरणे चांगले आणि फेकणे वाईट, इतका सरळ हिशेब नाही. हज-उमराहला जाऊन आलेल्यांना आठवेल. हलकच्या वेळी परवानाधारक हज्जामाकडेच जा, नवे ब्लेड लावून घ्या, असे हाजींना बजावतात. आपल्या सलूनमध्येही ब्लेडचा अर्धा तुकडा उस्तऱ्यात अडकवतात आणि गिऱ्हाईक बदलले की टाकतात. तेच योग्य. एचआयव्ही आणि कावीळ ब ही रक्तातून पसरतात. जिथे एक वस्तरा अनेकांना लागतो, तिथे फेकलाच पाहिजे. परजण्याचा मान त्याच वस्तऱ्याला, जो एकाच माणसाचा आहे. म्हणून पेटीतून निघालेले वापरलेले पाते तसेच गालाला लावू नका. साबणाच्या कोमट पाण्यात जुन्या टूथब्रशने रेझर घासा, सर्जिकल स्पिरिटने पुसा, कोरडा करा. उकळत्या पाण्यात टाकू नका. मुलामा उडतो, जुन्या प्लास्टिकच्या मुठी तडकतात. लिंबू-चिंचेने चकचकीत करायचा मोहही टाळा. पितळेवरचा निकेलचा थर एकदा गेला की गेला.

जमवणाऱ्यांसाठी एक शब्द. छंदाचा इसराफ व्हायला वेळ लागत नाही. माझ्याकडे अकरा रेझर आहेत. बारावा आला की एक कोणाला तरी देतो, तोही जो वापरील त्यालाच. काचेच्या कपाटात ठेवलेला रेझर फक्त शाबूत राहतो. जपायचा असेल तर तो चालता ठेवावा लागतो.

शेवटी त्या फेकलेल्या धारेचे काय, हा प्रश्न उरतो. गेल्या शतकातल्या अमेरिकी घरांत न्हाणीघराच्या आरशामागच्या कपाटाला एक बारीक फट असे. वापरलेले ब्लेड तिच्यात सोडायचे. ते कुठे जाई? कुठेच नाही. भिंतीच्या पोकळीत पडून राही. आज अशी घरे पाडताना कामगारांसमोर गंजलेल्या ब्लेडचा ढीग कोसळतो. आपल्या भिंतींना फट नाही. आपली ब्लेड कागदात गुंडाळून कचऱ्यात जातात आणि तिथून घंटागाडीवर कचरा वेगळा करणाऱ्या बाईच्या बोटांत. आमच्या शाळेत एका मुलीची आई हेच काम करते. पालकसभेत सही करताना तिच्या अंगठ्याला बांधलेली चिंधी मी पाहिली आहे. रस्त्यावरचा काटा बाजूला करणे हा ईमानाचा भाग आहे, हे आपण लेकरांना पाठ करून देतो. मग कचऱ्यातली धार?

बोर्नव्हिटाचा किंवा बिस्किटांचा रिकामा पत्र्याचा डबा घ्या. झाकणाला ब्लेड जाईल एवढी चीर पाडा आणि मोरीजवळ उंचावर, मुलांचा हात पोहोचणार नाही असा ठेवा. एका घराला तो कित्येक वर्षे पुरतो. भरला की चीर चिकटपट्टीने बंद करा, वर ठळक अक्षरांत ‘ब्लेड’ लिहा आणि घंटागाडीवर हातात देताना तोंडाने सांगा, ‘ताई, यात ब्लेड आहेत, जपून.’