पाळण्यातले पाय

मुलाचे पाय पाळण्यात दिसतात ही म्हण मी शाळेत किती वेळा फळ्यावर लिहिली असेल, कोण जाणे. अर्थ सांगा, वाक्यात उपयोग करा! पण अलीकडे आमच्या भागात ही म्हण लोकांनी जरा जास्तच मनावर घेतलेली दिसते. तळेगाव स्टेशनपासून चाकणपर्यंत संध्याकाळी कुठेही चक्कर मारा. जाळी लावलेले नेट, पाठीवर स्वतःएवढी किटबॅग घेतलेली आठ-नऊ वर्षांची पोरं आणि जाळीबाहेर मोबाईलवर शूटिंग करणारे बाबा. दर चौथ्या पोराबद्दल कोणीतरी कानात सांगतं, "सर, हा पुढचा ऋतुराज बरं का!"

ऋतुराज गायकवाड आपल्या पिंपरी-चिंचवडचा, थेरगावच्या वेंगसरकर अकादमीत घडलेला. २०२१ च्या आयपीएलमध्ये ६३५ धावा काढून त्याने ऑरेंज कॅप मिळवली. गहुंजेचं स्टेडियम तर आमच्या उंबरठ्यावरच. तेव्हा पोरांनी स्वप्नं पाहू नयेत, असं म्हणणारा मी कोण? माझा प्रश्न वेगळा आहे. पोरात 'काहीतरी आहे' हे ठरवायचं कशावरून, आणि कधी?

आपल्याकडे ते ठरतं धावांवरून. जानेवारी २०१६ मध्ये कल्याणच्या प्रणव धनावडेने शालेय सामन्यात नाबाद १००९ धावा केल्या. जगभर बातमी झाली. पंधरा वर्षांचं पोर, ३२७ चेंडू, एवढा वेळ उभं राहणं हीसुद्धा गंमत नव्हे. पण समोरचा संघ किती तयारीचा होता? त्या संघाच्या दोन डावांतल्या धावा होत्या ३१ आणि ५२. त्या आकड्याने प्रणवच्या चिकाटीबद्दल सांगितलं, पुढच्या पायरीबद्दल फारसं काही सांगितलं नाही. पण आपण सगळ्यांनी मिळून त्या मुलाच्या खांद्यावर असं ओझं ठेवलं की, पुढच्याच वर्षी त्याच्या वडिलांनी मुंबई क्रिकेट असोसिएशनला पत्र लिहून शिष्यवृत्ती थांबवायची विनंती केली. चूक त्या पोराची नव्हती. आकड्याला भविष्य समजणाऱ्यांची होती.

बरं, आकडा खरा आणि गुणही खरे, तरी काय? फेब्रुवारी १९८८ ची ती ६६४ धावांची भागीदारी आठवा. शारदाश्रमकडून सचिन नाबाद ३२६, विनोद कांबळी नाबाद ३४९. आणि पॅड बांधून आपली पाळी कधी येते याची वाट पाहत बसलेला तिसरा मुलगा, अमोल मुझुमदार. एकच शाळा, एकच गुरू आचरेकर सर. सचिनचं काय झालं ते सांगायला नको. कांबळी १७ कसोटी खेळला, सरासरी ५४ च्या वर, आणि तेविसाव्या वर्षी त्याची कसोटी कारकीर्द संपलीसुद्धा. मुझुमदारने रणजी पदार्पणात २६० धावा ठोकल्या, प्रथम श्रेणीत अकरा हजारांहून जास्त धावा जमवल्या, पण भारताची कॅप काही डोक्यावर आली नाही. आणि २०२५ मध्ये नवी मुंबईत आपल्या मुलींनी विश्वचषक उचलला, तेव्हा त्यांचा प्रशिक्षक कोण होता? हाच! सांगा, १९८८ साली आझाद मैदानावर बसून हे तिघांचं भविष्य कोणत्या ज्योतिषाने वर्तवलं असतं?

मग पाहायचं तरी काय? मी काही क्रिकेटचा प्रशिक्षक नाही. पण उत्तरपत्रिका तपासण्यात हयात गेली. एकूण गुण पाहून मुलगा कळत नाही. चुकलेलं गणित त्याने कोणत्या पायरीवर चुकवलं, ते पाहिलं की कळतो. फलंदाजाचंही तसंच असावं. तो किती धावा करतो यापेक्षा बाद कसा होतो, ते पाहा. चार सामन्यांत एकाच चुकीने बाद झाला, तर तो शिकत नाहीये. दर वेळी नवी चूक करत असेल, तर शिकतोय. चेंडू बॅटला चकवून गेला, तर पुढच्या चेंडूला तो रागाने बॅट फिरवतो की पुन्हा शांतपणे उभा राहतो? आचरेकर सर सरावाच्या शेवटी स्टंपवर एक रुपयाचं नाणं ठेवत. सचिनला बाद करील त्याला नाणं, कोणीच बाद केलं नाही तर ते सचिनचं. त्यात फटके मोजले जात नव्हते. अंगात त्राण नसताना पोरगं आपली विकेट सांभाळतं का, एवढीच परीक्षा होती.

दुसरी गोष्ट वयाची. तेराव्या वर्षी ज्याला मिसरूड फुटलेली असते, तो बाकीच्यांच्या डोक्यावरून षटकार मारणारच. त्यात गुण किती आणि अंगकाठी किती? वयाची लबाडी पकडायला बीसीसीआय मुलांच्या मनगटाचा एक्स-रे काढतं. पण लबाडी नसतानाही लवकर वाढणारी मुलं निवडली जातात आणि उशिरा वाढणारी घरी जातात, त्याचं काय? पुण्याच्या केदार जाधवला भारताकडून पहिला एकदिवसीय सामना मिळाला २०१४ मध्ये, वयाच्या २९ व्या वर्षी. जानेवारी २०१७ मध्ये गहुंजेला इंग्लंडच्या ३५० धावांचा पाठलाग करताना ४ बाद ६३ अशी दाणादाण उडालेली, तेव्हा यानेच कोहलीच्या जोडीने ७६ चेंडूंत १२० काढल्या. त्याच्याबद्दलही कोणी चौदाव्या वर्षी शेवटचा निकाल लावला असता तर?

हे सगळं लिहायला कारण घडलं. आमच्या सोसायटीतले एक गृहस्थ चाकणच्या कंपनीत शिफ्टमध्ये काम करतात. मुलगा सातवीत. एका अकादमीत त्यांना सांगितलं, पोरगं तयार आहे, आता शाळेत नाव फक्त हजेरीपुरतं ठेवा, दिवसभर सराव हवा. गावाकडचे दोन गुंठे विकायच्या गोष्टी चालल्यात. मला म्हणाले, "सर, तुम्ही एवढी पोरं पाहिलीत. तुम्हीच सांगा, याच्यात काही आहे का?"

मी म्हटलं, "अहो, असेलही. पण बाराव्या वर्षी हे छातीठोकपणे सांगणाऱ्याला आधी विचारा, चुकलं तर भरपाई कोण देणार?"

माझं म्हणणं एवढंच. पोराला जरूर खेळवा. पण एकोणीस वर्षांपर्यंत 'आहे' किंवा 'नाही' असा शिक्का मारू नका आणि तोवर शाळा सोडू नका. निवड करणाऱ्यांनी मुलाला एका दिवसात न तोलता तीन वेगवेगळ्या दिवशी, तीन वेगळ्या खेळपट्ट्यांवर पाहावं. ज्याला नाकारलं त्याला का नाकारलं, हे दोन ओळींत लिहून द्यावं. नापास मुलालासुद्धा आम्ही त्याची उत्तरपत्रिका दाखवत होतो!

ते दोन गुंठे अजून विकलेले नाहीत. पोरगं मात्र रोज सकाळी साडेपाचला किटबॅग घेऊन जिना उतरतं आणि साडेअकराला दप्तर घेऊन. तूर्त एवढं पुरे आहे, असं मला वाटतं. तुमचं काय मत?