खांबांना हात लावू नका

अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल लीगमधला किकर कॅम लिटल याने 2 नोव्हेंबर 2025 रोजी लास व्हेगासमध्ये 68 यार्डांवरून फील्ड गोल मारला आणि जस्टिन टकरचा 2021 मधला 66 यार्डांचा विक्रम मागे पडला. लांब पल्ल्याच्या किक वाढल्या की जुनी मागणी डोके वर काढते: गोलपोस्ट अरुंद करा. या मागणीला आमचा विरोध आहे. किकसाठी वेगळे के-बॉल 1999 मध्ये आणले, ते संघ चेंडू घासूनपुसून मऊ करून घेत म्हणून. पुढे वर्षानुवर्षे हे ताठ, नवे चेंडू सामन्याच्या दिवशीच हाती पडत आणि ते रुळवायला मोजकाच वेळ मिळे. 2025 च्या हंगामात नियमकर्त्यांनीच ते आधीपासून तयार करण्याची मुभा दिली. बंदोबस्त स्वतः सैल करायचा आणि अंतर वाढले म्हणून खापर खांबांवर फोडायचे, हा न्याय आम्हाला मान्य नाही. किकरांचे तंत्र सुधारले आहे, यात शंका नाही. पण तंत्राचा वाटा किती आणि चेंडूचा किती, हे कळण्याआधीच तिसरी गोष्ट बदलली तर उत्तर कधीच सापडणार नाही.

शिवाय अरुंद खांबांचा प्रयोग होऊन गेला आहे. जानेवारी 2015 च्या प्रो बोलमध्ये दोन खांबांतले अंतर 18 फूट 6 इंचांवरून 14 फूट केले आणि अ‍ॅडम विनातिएरीसारख्या कसलेल्या किकरचे दोन एक्स्ट्रा पॉइंट हुकले. त्यानंतर लीगने शहाणपणा दाखवला. खांब तसेच ठेवून एक्स्ट्रा पॉइंटसाठी चेंडू 15 यार्डांच्या रेषेवर नेला, म्हणजे किक 33 यार्डांची झाली. 1974 मध्येही खांब गोलरेषेवरून मागच्या रेषेवर हलवले, रुंदी बदलली नाही. रुंदी बदलली तर कोनाचे सगळे गणित बिघडते. व्यावसायिक मैदानावर हॅश मार्कांमधले अंतरही 18 फूट 6 इंचच आहे, त्यामुळे हॅशवरून मारणारा किकर खांबाच्या रेषेत उभा असतो. कॉलेजमध्ये गोलपोस्ट तेवढेच, पण हॅश 40 फूट अंतरावर, म्हणून तिथला किकर खांबाच्या जवळजवळ 11 फूट बाहेरून मारतो. लीगच्या पाठोपाठ कॉलेजनेही खांब आवळले तर त्या मुलांनी काय करायचे?

फील्ड गोल सोपा झाल्याने संघ टचडाउनचा प्रयत्न सोडतात, हा आक्षेप आम्ही हलका मानत नाही. पण किक हुकली तर प्रतिस्पर्ध्याला चेंडू किक मारल्या जागी मिळतो. साठ यार्डांवरून चुकणाऱ्याला ही शिक्षा पुरेशी जबर आहे, आणि ती कमी वाटत असेल तर तीच वाढवावी.

नियम समितीने आधी चेंडू तयार करण्याची मुभा एका हंगामापुरती मागे घ्यावी आणि आकडे पाहावेत. आमच्या पंच आणि प्रशिक्षक वाचकांना विनंती आहे: आपल्या सामन्यांत पन्नास यार्डांपुढच्या प्रत्येक किकची नोंद ठेवा. त्यात अंतर, हॅशची बाजू, वारा आणि चेंडू नवा की रुळवलेला, एवढे लिहा. या नोंदी आम्ही छापू.