अल्बम काढा, नाहीतर सोडा

जून 2021च्या अखेरीस ब्रिटिश गायिका रेय हिने समाजमाध्यमावर आपल्याच कंपनीविरुद्ध तोंड उघडलं. पॉलिडॉरशी तिचा चार अल्बमचा करार 2014पासून होता. सात वर्षं उलटली, तरी बाजारात एकही अल्बम नव्हता. मधल्या काळात ती बियॉन्सेसारख्या बड्या गायिकेसाठी गीतलेखन करत होती, तेव्हा तिच्या कामाला गिऱ्हाईक नव्हतं असं कुणी म्हणू शकत नाही. बोभाटा झाला आणि काही आठवड्यांतच तिची कंपनीतून सुटका झाली. फेब्रुवारी 2023मध्ये तिने स्वतंत्रपणे अल्बम काढला. त्यातलं ‘एस्केपिझम’ त्याआधीच ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर पोचलं होतं. 2024च्या ब्रिट पुरस्कारांत तिने एकाच रात्री सहा पुरस्कार पटकावले. तो विक्रम ठरला.

गोड शेवट झाला म्हणून ही गोष्ट आवडीने सांगितली जाते. त्या सात वर्षांबद्दल मात्र कुणी फारसं बोलत नाही.

रेकॉर्ड कंपन्यांचे करार साधारण एकाच साच्यातले असतात. कंपनी आगाऊ रक्कम देते, स्टुडिओचा खर्च उचलते आणि तो पुढे कलाकाराच्या रॉयल्टीतून वळता करून घेते. कलाकाराने दुसऱ्या कुणासाठी गायचं नाही. अल्बम कधी काढायचा, मुळात काढायचा की नाही, हे कंपनी ठरवणार. खरी ग्यानबाची मेख मुदतीत आहे. ती बहुधा वर्षांत नव्हे, अल्बमांत मोजली जाते. अल्बम निघाला नाही की करारही संपत नाही.

अमेरिकेची गायिका जोजो बाराव्या वर्षी ब्लॅकग्राउंड कंपनीत दाखल झाली. दुसरा अल्बम 2006मध्ये आला आणि तिसरा थेट 2016मध्ये, तोही 2013मध्ये कोर्टाची पायरी चढून सुटल्यावर, दुसऱ्या कंपनीकडून. तिचे जुने दोन अल्बम स्ट्रीमिंगवर उपलब्धच नव्हते. शेवटी 2018मध्ये तिने ते दोन्ही नव्याने गाऊन प्रसिद्ध केले. विशीतली उमेदीची वर्षं मात्र पुन्हा ध्वनिमुद्रित करता येत नाहीत.

कंपन्यांची बाजू अगदीच पोकळ नाही. बहुतेक अल्बम घातलेला खर्चही भरून काढत नाहीत. चार चालतात त्यांच्या जिवावर बाकीचे निघतात. न आवडलेला अल्बम काढण्याची सक्ती कुणावर करता येणार नाही आणि करूही नये. या वादात हमखास पुढे केलं जाणारं अमेरिकी गायक प्रिन्सचं उदाहरण म्हणूनच मला तरी लंगडं वाटतं. 1993मध्ये त्याने नाव टाकून चिन्ह घेतलं, गालावर ‘स्लेव्ह’ लिहून तो मंचावर गेला, हे सगळं खरं. पण त्याची कंपनी वॉर्नर त्याचे अल्बम काढत होती. भांडण वेगाचं होतं. अल्बमवर अल्बम आले तर एकाची विक्री दुसरा खातो, हा कंपनीचा युक्तिवाद धंद्याच्या दृष्टीने वेडगळ नव्हता.

नकार द्यावा, पण मग अडवून धरू नये. 2001मध्ये शिकागोच्या विल्को बँडचा ‘यांकी हॉटेल फॉक्सट्रॉट’ रिप्राइझ कंपनीला पसंत पडला नाही. तिने बँडला अल्बमसकट मोकळं केलं. बँडने तो इंटरनेटवर फुकट ऐकवला आणि 2002मध्ये नॉनसच कंपनीने विकत घेऊन बाजारात आणला. समीक्षकांनी डोक्यावर घेतला, विकलाही गेला. गंमत अशी की रिप्राइझ आणि नॉनसच या दोन्ही वॉर्नर समूहाच्याच कंपन्या. एकाच समूहाने एकाच अल्बमसाठी दोनदा पैसे मोजले!

रिप्राइझने जे आपखुशीने केलं, त्याला युरोपीय संघाने कायद्याचं रूप दिलं आहे. 2019च्या कॉपीराइट निर्देशातलं 22वं कलम सांगतं की, हक्क घेऊन ते वापरलेच नाहीत, तर लेखक किंवा कलाकार ठरावीक काळानंतर ते परत मागू शकतो. सदस्य देशांना त्यासाठी जून 2021पर्यंतची मुदत होती. रेय बोलली तोच महिना. पण ब्रिटन तोवर संघाबाहेर पडला होता आणि हा निर्देश लागू न करण्याचं त्याने ठरवलं होतं.

भारताच्या कॉपीराइट कायद्यातही अशी तरतूद आहे, हे अनेक गायकांच्या गावीही नसेल. कलम 19(4)नुसार घेतलेले हक्क वर्षभरात वापरले नाहीत, तर ते हस्तांतरण रद्द झाल्याचं मानलं जातं. पण त्यातच पळवाट ठेवली आहे: करारात वेगळं लिहिलं नसेल तरच. आणि करार लिहिते कंपनी. शिवाय ध्वनिमुद्रणाची मालकी निर्माता या नात्याने बहुधा तिचीच असते, म्हणजे तिथे हस्तांतरणाचा प्रश्नच उरत नाही. 2012च्या दुरुस्तीने चित्रपटगीतांच्या गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी करारानेही काढून घेता येणार नाही अशी केली. एका वर्षाच्या मुदतीलाही तेच संरक्षण द्यावं आणि कंपनीच्या कपाटात पडून राहिलेल्या ध्वनिमुद्रणांनाही ती लागू करावी.